परदेशात शिकायला जाणाऱ्यांची नोकरीची तयारी : सदाशिव पेठेतील मार्गदर्शन केंद्राचे परीक्षण

पुण्यात परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागारांची वानवा नाही. जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन रस्ता आणि कर्वे रस्त्यावरून नुसती चक्कर मारली तरी त्यांच्या पाट्या नजरेत भरतात. विद्यापीठांची निवड, अर्जासोबतचे निवेदन, व्हिसाची कागदपत्रे इथपर्यंत त्यांतील बहुतेकांचे काम चोख असते. मात्र मुलगा किंवा मुलगी विमानात बसली की त्यांची जबाबदारी संपते. शिकत असताना तिथे किती आणि कोणते काम करता येते, पदवीनंतर त्याच देशात नोकरी मिळावी म्हणून पहिल्या सत्रापासून काय करावे लागते, अर्ज करूनही मुलाखतीचे बोलावणे का येत नाही, या प्रश्नांची उत्तरे देणारे फारसे कोणी भेटत नाही. सदाशिव पेठेतील हे केंद्र फक्त एवढेच काम करते. प्रवेशाची प्रकरणे ते हातात घेत नाही, त्यामुळे कोणत्याही विद्यापीठाकडून कमिशन मिळण्याचा प्रश्न येत नाही आणि एखाद्या महागड्या खासगी विद्यापीठाची तरफदारी करण्याचे कारणही त्यांना उरत नाही.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत असताना शैक्षणिक कर्जाची प्रकरणे बरीच वर्षे हाताळली. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढी मुदत हप्ता सुरू होण्याआधी मिळते आणि त्या काळातही व्याज मोजले जातच असते. राहते घर तारण ठेवून मुलांना पाठवलेले आईवडील पहिल्या हप्त्याच्या महिन्यात किती ओढाताणीत असतात, हे मी समोर बसून पाहिले आहे. म्हणून माझ्या मुलाचे जर्मनीला जायचे ठरले तेव्हा प्रवेशापेक्षा पुढच्या नोकरीचीच मला अधिक काळजी होती. निघण्यापूर्वी त्याने या केंद्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आता तो तिथे मेकॅनिकल शाखेच्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानंतर माझ्या पुतणीने ब्रिटनसाठी इथेच नाव घातले. दोघांचे अनुभव सारखे नाहीत, त्यामुळे ते एकत्र करून केंद्राला ढोबळ गुण देणे मला योग्य वाटत नाही.

जर्मनीचा भाग आधी सांगते, कारण केंद्राची खरी ताकद तिथे आहे. पहिले सत्र कामाच्या नियमांवर असते आणि त्यात पालकांनाही बसू देतात. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मार्च २०२४ पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० दिवसांची होती. एवढी माहिती इंटरनेटवर कोणालाही सापडेल. त्यापुढचे बारकावे मात्र केंद्राने ज्या रीतीने उलगडले, ते मी अन्यत्र ऐकले नव्हते. विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली किंवा प्रयोगशाळेत केलेले विद्यार्थी-सहायकाचे काम या दिवसांत धरले जात नाही. अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असलेली इंटर्नशिपही धरली जात नाही. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल देऊन काम करायचे असेल तर त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. तासिका चालू असलेल्या काळात आठवड्याला वीस तासांची मर्यादा ओलांडली की विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या आरोग्य विम्याच्या सवलतीवरही परिणाम होतो.

हे नियम पाठ करून घेण्यावर केंद्राचा भर नव्हता. त्यांचा मुद्दा असा होता की परवानगीचे दिवस ही मुलाजवळची मर्यादित पुंजी आहे आणि ती कशावर खर्च करायची हे इथे, पुण्यात बसूनच ठरवायला हवे. पहिल्या वर्षी गोदामातील पाळ्या आणि घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम यांतच सगळे दिवस संपवणारी मुले बरीच असतात. पैसे मिळतात आणि त्या कामात कमीपणाही काही नाही. परंतु पदवी हातात आल्यावर स्वतःच्या क्षेत्रातला एकही दिवसाचा स्थानिक अनुभव अर्जात दाखवता येत नाही. म्हणून केंद्र प्रत्येक विद्यार्थ्याकडून दोन वर्षांचा तक्ता करून घेते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या आणि महिन्याला ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या खात्यात, ठेवावे लागणारे वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, त्या शहरातील खोलीचे भाडे, विमा आणि सत्राचे शुल्क भागवल्यावर किती उरतात, कोणत्या महिन्यात तूट येते आणि ती तूट घरून भरून काढता आली तर मुलाला गोदामाऐवजी प्रयोगशाळेतील कमी तासांचे काम धरता येईल का, हे त्या तक्त्यात मांडलेले असते. कर्जाच्या प्रकरणांत मी असा तक्ता कधी पाहिला नव्हता. तो असता तर अनेक पालकांनी कर्जाची रक्कम थोडी जास्त मागितली असती, आणि बँकेत असताना मी तशी शिफारस आनंदाने केली असती.

पदवीनंतरचा भाग त्यांनी तितक्याच नेमकेपणाने शिकवला. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतल्यावर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांचा निवास परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यासाठी, वार्षिक पगाराची किमान अट दर वर्षी बदलते; २०२५ साली ती ४८,३०० युरो होती आणि नव्या पदवीधरांसाठी, तसेच टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी सुमारे ४३,७६० युरो. अठरा महिने कागदावर भरपूर वाटतात. केंद्राचे म्हणणे असे की ज्याचा शोध पदवी मिळाल्यावर सुरू होतो, त्याला ते पुरत नाहीत, आणि ज्याने शेवटच्या सत्राचा प्रबंध एखाद्या कंपनीत बसून लिहिला, त्याला ते पुष्कळदा लागतही नाहीत. सहा महिने ज्याचे काम जवळून पाहिले आहे, त्याला ठेवून घेणे कंपनीलाही सोपे जाते. माझ्या मुलाने दुसऱ्या सत्रातच प्रबंधासाठी कंपन्यांना पत्रे पाठवायला सुरुवात केली ती याच सल्ल्यावरून.

बायोडेटाचे सत्र हा या केंद्राचा सर्वांत चांगला भाग आहे. गटात दहा-बारा मुले असतात आणि प्रत्येकाचा कागद सर्वांसमोर पडद्यावर येतो. माझ्या मुलाचा बायोडेटा तीन पानांचा होता. त्यात वडिलांचे नाव होते, छंद म्हणून ‘संगीत ऐकणे’ होते आणि शेवटी ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ असे स्थळ-दिनांकासह प्रतिज्ञापत्र होते. मार्गदर्शक ताई स्वतः काही वर्षे श्टुटगार्टजवळ एका यंत्रनिर्मिती कंपनीत काम करून परतल्या आहेत. त्यांनी ते सगळे शांतपणे काढून टाकले आणि बाहा या विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवण्याच्या स्पर्धेच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे ‘संघाचा सक्रिय सदस्य’ एवढेच लिहिले होते.

“अरे, यात तू नेमकं काय केलंस?” त्यांनी विचारले.

“मॅडम, सस्पेन्शन टीममध्ये होतो.”

“टीम काय करत होती ते नको. तुझ्या हाताने काय झालं ते सांग.”

पुढची दहा मिनिटे त्यांनी त्याच एका ओळीवर घालवली. त्याने पुढच्या चाकांच्या आर्मचे आरेखन केले होते, पहिला भाग चाचणीत वाकला होता, म्हणून त्याने पत्र्याची जाडी आणि जोडाची जागा बदलली होती आणि तरीही वजन कमी ठेवले होते. हे सर्व त्याच्या तोंडून प्रश्न विचारून विचारून काढावे लागले, कारण आपण केलेले काम ‘मी केले’ म्हणून सांगणे त्याला आगाऊपणाचे वाटत होते. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची हीच अडचण आहे आणि ती इंग्रजीच्या किंवा हुशारीच्या अभावातून येत नाही. घरात आणि महाविद्यालयात आपणच त्यांना तसे वळण लावलेले असते. त्या ओळीच्या जागी अखेर दोन ओळी आल्या, त्यांत भाग कोणता, दोष काय होता आणि उपाय कोणता केला हे होते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील काम त्याला मिळाले तेव्हा प्राध्यापकांनी मुलाखतीत पहिला प्रश्न त्या वाकलेल्या आर्मबद्दलच विचारला.

याच सत्रात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी प्रत्येक पालकाला सांगते. जर्मनीत नोकरी सोडताना मालकाकडून कामाचे लेखी प्रमाणपत्र मागण्याचा कर्मचाऱ्याला कायदेशीर हक्क आहे आणि पुढचा मालक ते बारकाईने वाचतो. अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते मागता येते. आपली मुले संकोचाने मागत नाहीत आणि मग दोन वर्षांचे चांगले काम कागदावर कुठेच दिसत नाही.

भाषेच्या बाबतीत केंद्र कठोर आहे आणि ते योग्यच आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला की जर्मन शिकण्याची गरज नाही, असा समज प्रवेशाच्या काळात पसरलेला असतो आणि तो खोडून काढायला सहसा कोणी पुढे येत नाही. वर्गात इंग्रजी चालते. परंतु मधल्या आणि लहान कंपन्यांत, जिथे अभियंत्यांच्या पुष्कळ जागा असतात, बैठका, सुरक्षेच्या सूचना आणि जेवणाच्या सुट्टीतील गप्पा जर्मनमध्येच होतात. केंद्र स्वतः भाषा शिकवत नाही. मॅक्स म्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग किंवा अन्य कुठेही शिका, पण निघण्यापूर्वी भाषेची ए-२ ही प्राथमिक पातळी पूर्ण करा आणि तिथल्या पहिल्या वर्षात बी-१ ही मधली पातळी गाठा, असे ते सांगतात. त्यांनी घेतलेला फोनचा सराव मला फार आवडला. एका खोलीतून ताई कंपनीच्या कार्यालयातील व्यक्ती म्हणून बोलतात आणि दुसऱ्या खोलीतून विद्यार्थ्याने आपल्या अर्जाचे काय झाले हे जर्मनमध्ये विचारायचे असते. समोरच्याचा चेहरा दिसत नसताना परभाषेत बोलण्याची भीती काय असते, ते तिथे कळते. काही मुलांनी पहिल्या खेपेस फोन ठेवून दिला; पण अभ्यासक्रम संपेपर्यंत बहुतेकांना ‘कृपया पुन्हा सांगाल का’ आणि ‘ईमेलवर कळवाल का’ ही दोन वाक्ये न अडखळता म्हणता येऊ लागली.

केंद्राच्या प्रामाणिकपणाबद्दलही लिहायला हवे. नोकरीची हमी ते देत नाहीत आणि तसे पहिल्याच दिवशी लेखी सांगतात. विद्यापीठांचे करिअर सेवा विभाग बायोडेटा तपासणे, सराव मुलाखती आणि कंपन्यांचे मेळावे हे सारे विद्यार्थ्यांना मोफत देतात, ही गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली. ती सांगितल्याने त्यांचे स्वतःचे ग्राहक कमी होऊ शकतात हे ठाऊक असूनही सांगितली. परदेशी विद्यार्थ्यांनी शिक्षणानंतर जर्मनीतच नोकरीला लागावे यासाठी डाड ही जर्मन शैक्षणिक विनिमय संस्था २०२४ पासून विद्यापीठांना निधी देत आहे, त्यामुळे भाषेचे आणि नोकरीच्या तयारीचे वर्ग अनेक ठिकाणी वाढले आहेत. आपल्या विद्यापीठात असे वर्ग आहेत का, हे शोधण्याचा गृहपाठच केंद्र देते.

आता उणिवा. ब्रिटनचा भाग या केंद्राने अजून मनावर घेतलेला दिसत नाही. माझ्या पुतणीचा डेटा सायन्सचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू होतो. तिला दिलेल्या पुस्तिकेत ग्रॅज्युएट रूटचा, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून नोकरी करू देणाऱ्या व्हिसाचा, कालावधी सरसकट दोन वर्षे असा छापलेला होता. पीएचडी वगळता इतरांसाठी, १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना तो अठरा महिनेच मिळणार आहे. तिचा अभ्यासक्रम २०२७ मध्ये संपणार असल्याने हा बदल तिला थेट लागू होतो. सहा महिन्यांचा हा फरक कर्जाच्या हप्त्यांच्या हिशेबात फार मोठा आहे आणि तो पुस्तिकेतून नव्हे, तर मँचेस्टरमध्ये असलेल्या तिच्या महाविद्यालयातील एका सीनियरकडून तिला कळला.

त्याहून गंभीर त्रुटी प्रायोजक कंपन्यांच्या बाबतीत आहे. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूट संपल्यावर नोकरीसाठी राहायचे तर सहसा स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो आणि त्यासाठी परवानाधारक कंपनीचे प्रायोजकत्व असावे लागते. अशा कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवते. जुलै २०२५ पासून या व्हिसाची पगाराची सर्वसाधारण किमान अट ४१,७०० पौंड आणि नव्याने नोकरीत येणाऱ्यांसाठी ३३,४०० पौंड आहे. काही व्यवसायांत ती त्याहून जास्तही भरते. म्हणजे तिथे उतरण्याआधीच विद्यार्थ्याने ती यादी आपल्या क्षेत्रापुरती चाळून, कोणत्या कंपन्या प्रायोजक आहेत आणि त्या नव्या पदवीधरांना किती पगार देतात, हे टिपून ठेवायला हवे. केंद्राच्या सत्रात या यादीचा एका वाक्यात उल्लेख झाला. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरती योजना बहुधा शरद ऋतूत अर्ज मागवतात, त्यामुळे एक वर्षाच्या मास्टर्सला सप्टेंबरात पोहोचलेल्या मुलीला सामान लावून होते न होते तोच पुढच्या वर्षीच्या नोकरीचे अर्ज भरावे लागतात. जर्मनीच्या मुलांकडून दोन वर्षांचा तक्ता करून घेणाऱ्या केंद्राने ब्रिटनच्या मुलांकडून पहिल्या दहा आठवड्यांचा तक्ता करून घ्यायला हवा होता. याबद्दल मी लेखी कळवल्यावर पुस्तिका बदलण्याचे आश्वासन मिळाले आणि पुतणीला ताईंनी स्वतंत्र वेळही दिला. परंतु त्यांचा स्वतःचा अनुभव जर्मनीचा आहे आणि ब्रिटनसाठी तशीच अनुभवी व्यक्ती केंद्रात नाही, हे लपत नाही.

जर्मनीच्या भागातही एक गोष्ट खटकली. ‘जर्मनीत कुशल मनुष्यबळाची टंचाई आहे’ हे वाक्य तिथे वारंवार ऐकायला मिळते. ते खरे आहे, पण सर्व क्षेत्रांत सारखे खरे नाही. पुण्यातील मुले चाकणच्या कारखान्यांकडे पाहत मोठी झालेली असतात, त्यामुळे त्यांचा ओढा वाहन उद्योगाकडे असतो. आणि नेमका तोच उद्योग तिथे सध्या आकसत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी केलेल्या करारानुसार जर्मनीतील ३५ हजारांहून अधिक जागा २०३० पर्यंत कमी होणार आहेत. असे असताना मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला रेल्वे, ऊर्जा, वैद्यकीय उपकरणे किंवा यंत्र-स्वयंचलन या क्षेत्रांची ओळख करून देणे हे अशा केंद्राचे कर्तव्य आहे. माझ्या मुलाला तो सल्ला तिथल्या त्याच्या प्राध्यापकांनी दिला आणि त्याने ऐच्छिक विषय त्याप्रमाणे बदलले. हाच सल्ला विषय निवडण्यापूर्वी मिळाला असता तर एक सत्र वाचले असते.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगते. शुल्क पस्तीस हजार रुपये आहे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा लागतो. माहितीपत्रकात हा कर लिहिलेला नाही, तो लिहायला हवा. वर्ग शनिवार-रविवारी असतात, त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या मुलांना आणि नोकरी करणाऱ्यांना सोयीचे पडते. जागा जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, उद्वाहन नाही, आणि गाडी लावायला जागा मिळणे अवघड असल्याने रिक्षाने किंवा बसने जाणेच बरे. वर्ग स्वच्छ आहे आणि वेळा पाळल्या जातात.

देश सोडल्यानंतर एक वर्ष सल्ला मिळेल असे शुल्कात धरलेले आहे आणि माझ्या मुलाने त्याचा उपयोगही केला. सल्ल्याचा दर्जा उत्तम आहे. वेळ मात्र गैरसोयीची आहे. केंद्र संध्याकाळी सातला बंद होते. भारताची वेळ जर्मनीच्या उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते, त्यामुळे आपल्याकडे सात वाजतात तेव्हा तिथे दुपार असते आणि मुले वर्गात किंवा कामावर असतात. आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री दहापर्यंत फोन घेण्याची व्यवस्था केली तर या सेवेचा खरा लाभ मुलांना मिळेल, आणि त्यासाठी थोडे अधिक शुल्क द्यायला पालक तयार होतील असे मला वाटते. नकाराचे ईमेल येऊ लागतात त्या महिन्यांत पोरांना धीर देणारा जाणकार आवाज लागतो. आम्ही आईवडील धीर देऊ शकतो, पण अर्जात काय चुकले हे आम्हाला सांगता येत नाही.

जर्मनीला अभियांत्रिकी, संगणक किंवा शुद्ध विज्ञानासाठी जाणाऱ्या कोणालाही मी या केंद्राची मनापासून शिफारस करते, मात्र प्रवेशपत्र हातात आल्यावर नव्हे, तर विद्यापीठे आणि विषय ठरवण्याच्या आधीच तिथे जावे. ब्रिटनला जाणाऱ्यांनी नवी पुस्तिका तयार झाली आहे का आणि तीत २०२७ चा बदल व प्रायोजकांच्या यादीचे सत्र आहे का, हे विचारून मगच पैसे भरावेत. पहिली भेट विनाशुल्क असते. त्या भेटीला जाताना स्वतःचा बायोडेटा आहे तसाच, न सुधारता, छापून न्यावा, निवडलेल्या अभ्यासक्रमाची विषयवार माहिती सोबत ठेवावी, आणि कर्ज घेणार असाल तर बँकेचे हप्त्याचे कोष्टकही न्यावे. तक्त्याची सुरुवात ताई त्याच कोष्टकापासून करतात.